बाबा माझ्या बॅचमध्ये

बाबांनी माझ्याच वर्गात नाव घातलंय, हे मला केंद्राच्या शिपायानं सांगितलं. सकाळी शेडचं कुलूप उघडता उघडता तो म्हणाला, "म्याडम, काल तुमी गेल्यावर तुमचे वडील येऊन गेले. कागदं देऊन गेले." मला वाटलं, माझीच एखादी झेरॉक्स राहिली असेल. ऑफिसात जाऊन पाहिलं तर प्रवेशाच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर बाबांचं आधार कार्ड. मिशा काळ्या होत्या तेव्हाचा फोटो.

हे केंद्र वाशिमला, गावाबाहेरच्या एका जुन्या गोदामात होतं. एका खासगी संस्थेनं चालवायला घेतलेलं. नव्या गाड्यांची दुरुस्ती, त्यातले सेन्सर, स्कॅनर, विजेवरच्या गाड्यांची ओळख, असा काही महिन्यांचा कोर्स. मी तिथे तासिकेवर शिकवत होते. पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल केलं, पुण्याला एका कारखान्यात कंत्राटावर राहिले, कंत्राट संपलं तशी घरी परत आले आणि हे काम मिळालं. बॅच भरली तर तास, तास झाले तर पगार. त्या खेपेला बॅचला एक जण कमी पडत होता. जेवताना मी ते घरी बोलले होते. म्हणून ते कार्ड पाहिल्याबरोबर मला एकच वाटलं, बाबा माझी बॅच भरायला आले. राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली.

बाबांचं गॅरेज मंगरूळपीरला, आसेगावच्या रस्त्याला. पत्र्याचं शेड, पुढे एक कडुनिंब, आणि जमिनीत खोदलेला खड्डा, ज्यावर गाडी उभी करून खालून काम करायचं. माझं बालपण त्या खड्ड्याच्या काठावर गेलं. तेव्हा काळी-पिवळ्यांचा जमाना होता. आतल्या गावांतून माणसं भरभरून आणणाऱ्या जीपा संध्याकाळी बाबांच्या दारात रांगेनं उभ्या राहायच्या. बाबांना जेवायला वेळ नसायचा. आई डबा घेऊन यायची आणि बाबा खड्ड्यातूनच हात वर करायचे. हाताला डिझेल, म्हणून घास आईनंच भरवायचा. लोक हसायचे आणि बाबाही हसायचे.

मग हळूहळू ते सगळं आटलं. काळी-पिवळ्या कमी झाल्या. ज्यांच्याकडे जुन्या जीपा होत्या त्यांनी त्या मोडीत काढल्या. नव्या गाड्या आल्या. त्यांचं बोनेट उघडलं की आत इंजिन दिसतच नाही, वर काळं प्लास्टिकचं झाकण. सुरुवातीला ओळखीचे लोक अशाही गाड्या बाबांकडे आणायचे. बाबा झाकण काढायचे, पाहायचे, पुन्हा लावायचे. "अकोल्याले दाखवा," म्हणायचे. काही दिवसांनी लोकांनी आणणंच सोडलं. मी पुण्याहून परत आले तेव्हा बाबा रोज सकाळी गॅरेज उघडत होते, झाडून घेत होते, पाने-पेचकस पोत्यावर ओळीनं मांडत होते आणि कडुनिंबाखाली बसत होते. संध्याकाळी सगळे पाने पुसून पुन्हा पेटीत. पुसण्यासारखं त्यांना काही लागलेलंच नसायचं.

त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या मी विचारलं, "बाबा, काहून नाव टाकलं तुमी?"

"एक जण कमी पडून राह्यला होता ना."

"मंग एखाद्या पोराले पाठवलं असतं."

"पोरं चार दिस बसतात अन् पुण्याले पळतात. मी पळत नाई."

"अन् गॅरेज?"

"गॅरेज काय म्हणते. थे तं बसलंच हाय."

आई तुरीच्या शेंगा सोलत होती. ती सकाळी गावालगतच्या मळ्यात भाजी तोडायला जायची आणि येताना ओटीत काहीबाही घेऊन यायची. मान वर न करता ती म्हणाली, "जाऊ दे व त्याइले. दिवसभर भिंतीकडे पाह्यत राह्यतात. जेवा म्हणलं तं जेवतात, झोपा म्हणलं तं झोपतात. मले भेव वाटते."

बाबा तिथेच होते. त्यांनी ते ऐकलं आणि उठून हातपाय धुवायला गेले.

पहिल्या दिवशी आम्ही एकाच एसटीनं गेलो, पण स्टँडवर उतरल्यावर बाबा म्हणाले, "तू हो पुढं." ते मागून आले. इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून. शेवटच्या बाकावर बसले. हजेरी घेताना त्यांचं नाव आलं, जे माझ्या नावाच्या मधोमध असतं. ते उच्चारताना माझा आवाज बदलला असावा, कारण दोन-तीन जणांनी मान वळवून मागे पाहिलं. "हजर," बाबा म्हणाले. त्या दिवसापासून शेडच्या आत मी म्याडम झाले. ते चुकूनही कधी मला बाई किंवा माय म्हणाले नाहीत, जसं घरी म्हणायचे. माझ्याच तोंडून एकदा-दोनदा "बाबा" निघालं, तेव्हा त्यांनी ऐकलं नाही असं केलं.

बाकीचे सगळे विशी-पंचविशीतले. शेतकऱ्यांची मुलं, कुणी धनजकडचा, कुणी मेडशीचा. मेडशीचा तो जरा मोठा होता. दरवर्षी सोयाबीन निघालं की बायकोला घेऊन पुण्याकडे बांधकामावर जायचा. ते जाणं सुटावं म्हणून इथे आला होता. सगळे बाबांना मिस्त्री काका म्हणायचे आणि मान द्यायचे. कुणी थट्टा केल्याचं मला आठवत नाही. थट्टा झाली असती तर कदाचित सोपं गेलं असतं.

ब्रेक, क्लच, सस्पेन्शन शिकवत होते तोवर ठीक चाललं. तिथे बाबांचा हात चालायचा आणि पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. पुढे सेन्सर आले. नव्या गाडीत जागोजागी सेन्सर असतात. ते इंजिनाची खबर एका बंद डब्याला देतात. त्या डब्याला ईसीएम म्हणतात. इंधन किती सोडायचं, ठिणगी कधी द्यायची, हे सगळं तो डबा ठरवतो. मी फळ्यावर चित्र काढून समजावत होते. सेन्सरच्या तारेत फक्त पाच व्होल्ट असतात, बॅटरीचे बारा तिथे कधीही द्यायचे नाहीत, आपला जुना बल्ब लावून पाहायचा नाही, तार टेकवून ठिणगी पाहायची नाही. हे सांगताना मी बाबांकडे पाहायचं टाळत होते. कारण तार टेकवून ठिणगी पाहणं मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

बाबा एकटक फळ्याकडे पाहत असायचे. प्रश्न एकही विचारायचे नाहीत. परतीच्या एसटीत मी म्हणायचे, "समजलं का बाबा आजचं?" ते म्हणायचे, "समजते. ऐकलं तवा समजते. मंग बस हालली का निंगून जाते."

स्कॅनरपाशी फारच वाईट झालं. स्कॅनर म्हणजे हातात धरायची पाटी. ती तार लावून गाडीला जोडली की ईसीएममधली तक्रार पडद्यावर येते. पडद्यावर सगळं इंग्रजी. ते एक वेळ मी चिन्हं दाखवून पाठ करून घेतलं असतं. पण बाबांच्या बोटाला तो पडदा जुमानायचाच नाही. इतकी वर्षं डिझेल, ग्रीस आणि गरम लोखंडात राहून त्यांच्या बोटांची टोकं अशी झाली होती की पडद्याला तिथे बोट आहे हेच कळायचं नाही. ते दाबायचे, काही व्हायचं नाही. जोरानं दाबायचे. मग अंगठा लावायचे. मागे रांग उभी असायची. शेवटी कुणीतरी पोरगं हळूच हात पुढे करून दाबायचं आणि म्हणायचं, "झालं, काका." बाबा बाजूला व्हायचे. पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे. पुन्हा तेच.

घरी मी माझा मोबाईल देऊन त्यांना सराव करायला लावलं. आई नारळाचं तेल गरम करून त्यांच्या बोटांना चोळायची. दगडानं घासूनही पाहिलं. एकदा मी पाहिलं, बाबा अंगणात बसून पान्याच्या कडेनं बोटाचं टोक तासत होते. रक्त आलं होतं. मी मोबाईल काढून घेतला. "राहू द्या आता," म्हटलं. ते म्हणाले, "पोराइचं एका टचात होते. माह्यं काहून होत नाई?" या माणसानं माझ्यासमोर कधी कशाचं "काहून" विचारलं नव्हतं.

केंद्रात शिकवायला एकच चालू गाडी होती. कंपनीनं शिकण्यासाठी दिलेली, रस्त्यावर न फिरणारी. तिच्यावरच सगळ्यांचं प्रॅक्टिकल. त्या दिवशी मी तिच्यात मुद्दाम एक बिघाड करून ठेवला होता. इंजिनाच्या एका सेन्सरचा जोड आतून सैल केला होता. चावी फिरवली की इंजिन घरघरायचं, पण सुरू व्हायचं नाही. स्कॅनर लावून, मीटरनं तपासून तो शोधायचा, एवढंच काम होतं. एकेक जण येत गेला. मेडशीच्याला जरा वेळ लागला, पण सापडलं. मी पुन्हा सैल करून ठेवत होते. शेवटी बाबांची पाळी आली आणि तेवढ्यात केंद्रप्रमुखांनी मला हजेरीच्या कामाला ऑफिसात बोलावलं.

मी फार वेळ गेले नव्हते. परत आले तेव्हा पोरं गाडीपासून दोन हात लांब उभी होती. बाबा बोनेटपाशी होते, त्यांच्या हातात लाल तारेचा तुकडा, त्याचं एक टोक बॅटरीला. दुसऱ्या टोकानं त्यांनी सेन्सरच्या जोडातल्या पिनेला स्पर्श केला होता.

"करंट येऊन राह्यला का नाई, थेच पाह्यलं," ते म्हणाले. "थो पडदा लागतच नव्हता."

मी आत बसून चावी फिरवली. डॅशबोर्डवर जो पिवळा दिवा आधी लागायला पाहिजे तो लागला नाही. स्कॅनर जोडला. गाडीशी बोलणं होत नाही, एवढंच त्यावर आलं. पुन्हा केलं. फ्यूज पाहिले, सगळे पाहिले. बॅटरी काढून लावली. मला आधीच कळलं होतं, तरी मी एकेक करत राहिले, कारण थांबले की सांगावं लागणार होतं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"ईसीएम गेला."

"बदलता येते का?"

"नवा बसवला तरी कंपनीनं तो गाडीशी जुळवून द्यावा लागतो. या गाडीचे तसे कागदच नाईत."

बाबांनी तारेचा तुकडा गुंडाळून खिशात घातला. मग ते सरळ ऑफिसात गेले. मी मागोमाग गेले, पण त्यांनी मला बोलू दिलं नाही. "साहेब, गाडी मी जाळली. म्याडमनं नाई म्हणलं होतं. आठ डाव सांगतलं होतं. म्या केलं."

केंद्रप्रमुख माझ्याहून फार मोठे नव्हते. तेही कंत्राटावरच होते. ते ओरडले नाहीत. खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटून घेतले. पुढच्या आठवड्यात तपासणी होती. साधनं चालू स्थितीत दिसली तर पुढची बॅच मंजूर होणार होती. "तपासणीवाले आले का सगळ्यात आधी गाडी चालू करून दाखवा म्हणतात," ते एवढंच म्हणाले. "काही करा म्याडम. कोनाले दाखवा, काही करा."

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा अकोल्याला गेलो. ईसीएम काढून मी आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसले. तिथे असे डबे उघडून दुरुस्त करणारा एक जण आहे असं मी ऐकून होते. गल्लीत छोटंसं दुकान, भिंतीला चिकटून टेबल, त्यावर भिंग आणि दिवा. माणूस बाबांच्या वयाचा, पांढरी दाढी, डोळ्याला चष्मा. त्यानं झाकण उचकटलं, आतला चिकट रबरासारखा थर खरवडला आणि भिंगाखाली धरलं. बाबा दाराशी उभे होते. मी आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"दीदी, किसी ने इसमें सीधा बारा वोल्ट दिया है," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

त्यानं बराच वेळ घेतला. दोन ठिकाणी सोल्डरिंगचा डाग दिला, एक काळा पडलेला भाग काढून दुसरा लावून पाहिला. मीटर लावला, मान हलवली, पुन्हा डाग दिला. आम्हाला चहा पाजला. शेवटी त्यानं डबा माझ्यापुढे सरकवला. "बोर्ड के अंदर तक जल गया है. इसमें जान नहीं है."

बाबा दारातून म्हणाले, "भाऊ, काहीच नाई होत का? काहीतरी पाहा. माह्या पोरीच्या कामाचं हाय."

"चाचा, होता तो मैं छोड़ता क्या," तो म्हणाला, आणि त्यानं काही घेतलं नाही. बाबांनी दोनदा विचारलं, तरी नाही घेतलं.

परतीला एसटी चुकली म्हणून समोर आलेल्या एका खासगी बसमध्ये बसलो. बस नवी होती. पातूरचा घाट चढेपर्यंत व्यवस्थित चालली. घाट संपल्यावर तिचा जोर गेला. ड्रायव्हर पाय दाबत होता, इंजिन ओरडत नव्हतं की धूर सोडत नव्हतं, पण बस सायकलीसारखी चालायला लागली. तशीच रखडत मेडशीला आली आणि स्टँडच्या अलीकडे ड्रायव्हरनं ती बाजूला घेतली. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला होता. त्यानं मालकाला फोन केला. बराच वेळ हो हो म्हणत राहिला.

गाडीत कुणीतरी बाबांना ओळखत होतं. "मिस्त्री, तुमी हाय ना. पाहा ना जरा, काय झालं तं."

बाबा सवयीनं उठले. मी हात धरणार होते, पण तोवर ते खाली उतरले होते. मीही उतरले. ड्रायव्हरनं इंजिनचं झाकण उघडलं होतं. बाबा वाकले, कान लावला, आणि त्यांचा हात एका नळीकडे गेला.

"मिस्त्री, हात नका लावू बरं," ड्रायव्हर म्हणाला. वाईट बोलला नाही, विनवल्यासारखं बोलला. "मालक म्हणते, कोनालेच हात लावू देऊ नको. कंपनीचा मानूस लॅपटॉप घिऊन येईन."

बाबांनी हात मागे घेतला आणि पँटला पुसला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "काय झालं असन?"

मला माहीत होतं. वर्गात मी तेच शिकवत होते. "धूर साफ कराची एक यंत्रणा असते बाबा. तिच्यात युरियाचं पाणी टाकतात. तिच्यातला एक सेन्सर चुकीची खबर देऊन राह्यला. म्हून कंप्यूटरनं इंजिनचा जोर कमी करून टाकला."

"मंजे इंजिन चांगलं हाय?"

"चांगलं हाय."

"अन् तरी चालत नाई."

"नाई."

"तुले काढता येते?"

"नाई बाबा. त्याले कंपनीचाच लॅपटॉप लागते. माह्याजवळ असता तरी त्याचा पासवर्ड लागते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात टोमणा नव्हता. ते मला आजवर जे समजत होते, त्यातलं काहीतरी त्या क्षणी कमी झालं, असं मला वाटलं. "तुले बी नाई येत मंग," ते म्हणाले.

आम्ही रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसलो. समोर तुरीचं रान वाळायला आलं होतं. बाकीचे प्रवासी मिळेल त्या गाडीला हात करत होते. माझ्या मांडीवर तो डबा होता. फेकून द्यावासा वाटत होता, पण केंद्रात परत जमा करायचा होता. बाबा म्हणाले, "तू समजून राह्यली का मी तुही बॅच भरासाठी आलो."

"मंग?"

"थे बी होतं. पण मले शिकाचं होतं, माय. खरंच शिकाचं होतं." मेडशीच्या रस्त्यावर त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी माय म्हटलं. "तू बारावीत होती तवापासून पाह्यतो, गाड्या येतात अन् वापस जातात. मले वाटलं, तू शिकली तं मी काहून नाई शिकणार. तुह्या डोक्यात हाय थे माह्याच घरातून गेलं ना. मंग थोडं वापस येईन." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आजून धा-बारा वर्स हात चालते माहा. गुडघे चांगले हाय, डोये चांगले हाय. त्या हाताचं करू काय मी? सांग तूच. सकाळी उठतो, हात तयार असतात. मंग दिवसभर त्याइले कोठं ठेवू?"

मी रडले असते तर त्यांनी मलाच समजावलं असतं, म्हणून मी रडले नाही. मागून वाशिमची एसटी आली. खचाखच भरलेली होती. आम्ही दारात उभे राहून वाशिमपर्यंत गेलो.

तपासणी झाली. दोघं आले, गाडीत बसले, चावी फिरवली आणि उतरले. मी खरं काय झालं ते सांगितलं. बाबांचं नाव त्यांनी विचारलं नाही आणि मी काढलं नाही. प्रशिक्षणार्थीकडून झालं, एवढंच म्हटलं. पुढची बॅच मंजूर झाली नाही. चालू बॅच परीक्षेपर्यंत न्यायची परवानगी मिळाली. गाडी ढकलून शेडच्या कोपऱ्यात नेली आणि उरलेले दिवस मी फळ्यावर चित्रं काढून, मोबाईलवर व्हिडिओ दाखवून शिकवलं. पोरं शिकली तेवढी शिकली. डोळ्यानं पाहून कळतं, हाताला येत नाही, हे मला आणि त्यांनाही कळत होतं.

बाबा काही दिवस आलेच नाहीत. सकाळी मी निघायचे तेव्हा ते पाठ करून झोपलेले असायचे. आई माझ्याकडे पाहायची, मी तिच्याकडे. मग मेडशीचा तो एका रविवारी घरी आला. त्यानं बाबांना काय सांगितलं ते मी आत चहा करताना ऐकलं. "काका, तुमी नाई आले तं हजेरी कमी भरते. मंग आमची परीक्षाच होत नाई म्हनतात. मले पुन्हा पुण्याले इटा उचलाले जा लागन." बाबांनी सोमवारी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला.

परीक्षा टॅबवर होती. मराठीतून. पण ते मराठी कुणी लिहिलं होतं देव जाणे. इग्निशन कॉइलला 'प्रज्वलन गुंडाळी' आणि स्पार्क प्लगला 'ठिणगी खुंटी'. मलाही इंग्रजी मनात आणून मग अर्थ लावावा लागला असता. शिकवणाऱ्यांना आत परवानगी नव्हती. मी खिडकीबाहेर उभी होते. बाबांनी चष्मा लावला. प्रश्न वाचायला त्यांना वेळ लागत होता. मग बोट दाबायचे, काही व्हायचं नाही. मग त्यांनी बोटाचं टोक जिभेला लावलं, पोथीचं पान उलटावं तसं, आणि पडद्यावर ठेवलं. तेव्हा लागलं. तसं प्रत्येक प्रश्नाला ते बोट जिभेला लावत राहिले. वेळ संपल्यावर टॅब आपोआप बंद झाला तेव्हा त्यांचे बरेच प्रश्न राहिले होते.

निकाल मोबाईलवर आला. बाकी बहुतेक पोरं पास झाली, बाबा नापास. मी त्यांना कसं सांगावं याचा विचार करत गॅरेजवर गेले. ते कडुनिंबाखालीच होते. ऐकून म्हणाले, "खोटं तं नाई निंगालं. येत नाई तं येत नाई." आणि मग, "तुह्या बाकीच्याइचं?" मी सांगितलं. "बरं झालं," ते म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं, आणि तेच मला सहन झालं नाही. मी पाण्याचं निमित्त करून शेडच्या मागे गेले.

पास झालेल्यांपैकी मेडशीच्याला एका शोरूममध्ये काम लागलं. गाड्या धुवायचं. पुढे वर घेऊ म्हणाले आहेत. माझं केंद्र बंद झालं आणि मी अर्ज करत राहिले. अकोल्याला एका ठिकाणी मुलाखत झाली. माझे कागद पाहून ते खूश होते. खाली वर्कशॉपमध्ये काम द्या म्हटलं तर साहेब हसले. म्हणाले, "बाईनं गाडीखाली शिरलेलं गिऱ्हाइकांना चालत नाही, तुम्ही समोर काउंटरवर बसा." मी बाबांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "घे. खुर्ची तं हाय." मी घेतली. आता मी गिऱ्हाईक काय तक्रार सांगतं ते ऐकते आणि खाली कळवते. काचेतून खालचं वर्कशॉप दिसतं. माझ्या हाताला सहा महिने झाले, पाना लागलेला नाही.

बाबा सोयाबीन निघायच्या दिवसांत मळणी यंत्रांची कामं करतात. ती यंत्रं अजून जुन्या पद्धतीची आहेत, तिथे कुणी लॅपटॉप मागत नाही. त्या दिवसांत आई सांगते, बाबा जेवतात आणि बोलतात. हंगाम संपला की पुन्हा कडुनिंब. गॅरेजचा अर्धा भाग आता एका चहावाल्याला दिला आहे. बाबांना चहावाला आवडतो. दिवसभर कुणी ना कुणी येऊन बसतं म्हणतात.

परवा दुपारी कामावर असताना त्यांचा फोन आला. त्या वेळी ते कधी करत नाहीत, म्हणून मी घाबरून बाहेर आले. आसेगावकडचा कुणी नवा ट्रॅक्टर घेऊन आला होता, पिवळा दिवा लागलेला, ओढत नाही म्हणत होता.

"म्या हात नाई लावला," बाबा आधीच म्हणाले. "फकस्त झाकण उघडलं. काय सांगू त्याले?"

मी दोन-तीन गोष्टी विचारल्या. त्यांनी त्या ट्रॅक्टरवाल्याला विचारून सांगितल्या. फोनवरून जेवढं कळत होतं तेवढ्यावरून त्यालाही स्कॅनरच लागणार होता. "कंपनीवाल्याले बोलवा म्हणा, बाबा."

"बरं," ते म्हणाले. मग त्याला सांगतानाचा त्यांचा आवाज ऐकू आला, ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. फोन चालूच होता.

"गेला थो," बाबा म्हणाले. मग विचारलं, "तू जेवली का व?"